मानाची कुदळ

१

मास्तरांचं डोकं ज्या कुदळीने फुटलं, त्या कुदळीने इतक्या वर्षांत जमिनीला धड ओरखडासुद्धा काढला नव्हता. पातं चकचकीत मुलाम्याचं, दांडा पॉलिश केलेला. पक्षाच्या कचेरीत ती काचेच्या कपाटात उभी असायची आणि नव्या कामाचा शुभारंभ असला की बाहेर निघायची. नगराध्यक्षाबाई ती जमिनीला टेकवायच्या, फोटो निघायचा, की कुदळ परत कपाटात. गावात तिला मानाची कुदळ म्हणायचे. तिने आज पहिल्यांदाच एखादं काम शेवटाला नेलं, असं तो प्रकार पाहून माझ्या मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली. मास्तर माझे मित्र होते.

मी इथल्या सरकारी दवाखान्याचा डॉक्टर. जीभ कडू आहे, असं रोगी म्हणतात. औषध त्याहून कडू असतं, असं मी त्यांना सांगतो.

त्या दिवशी दुपार कलल्यावर चौकात पक्षाची सभा होती. आमचा पक्ष गावापुरताच. हद्दीबाहेर त्याला कुत्रं विचारत नाही. पण गावात दहा वर्षं त्याचीच सत्ता आणि निवडणूक तोंडावर आलेली. 'केलं आणि करणार' नावाची पुस्तिका प्रसिद्ध व्हायची होती. पहिल्या भागात पक्षाने केलेली कामं, दुसऱ्यात पुढे करायची. लिहिणारे मास्तर, पक्षाचे चिटणीस. पक्षाची एक रीत होती: उमेदवाराला ही पुस्तिका तोंडपाठ यायलाच हवी. नगराध्यक्षाबाई दर आठवड्याला एकेकाला उभं करून म्हणून घ्यायच्या. अडखळला की तिकीट गेलं. जाऊन पाहून या, असं मात्र कधी कुणी कुणाला सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मास्तर येईनात म्हणून त्यांच्या पुतण्याने भाषण सुरू केलं. याला सगळे भोंगा म्हणत. आवाज खणखणीत, पाठांतर बिनचूक. आईबाप लहानपणीच गेल्यामुळे मास्तरांनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला होता. कालव्यापलीकडच्या वस्तीतून तो पक्षाचा उमेदवार होता. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि याचे केस निथळत होते, सदरा अंगाला चिकटला होता. 'उन्हाने तापला असेल, घेतलं असेल पाणी डोक्यावर,' असं माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात कचेरीच्या गल्लीतून पंपवाला धावत आला. नगरपालिकेचा पंप चालवणारा, त्याच वस्तीत राहणारा माणूस. तो ओरडत होता, "मास्तरांना मारलं! अहो, मास्तरांना कोणीतरी मारलं!"

भोंगा क्षणभर थांबला. मग माईकवरून त्याचा आवाज चौकभर घुमला, "यानंच मारलं! परवा यानंच काकांना धमकी दिली होती! धरा त्याला!"

लोकांना तेवढं पुरलं. बेकरीवाल्याने पहिला ठोसा घातला. पंपवाला पडला, मग दिसेनासाच झाला. खुर्च्या मोडण्याचे आवाज आले, आणि मग हाड मोडल्याचा. तो आवाज मला चांगला ओळखू येतो. मी उठलो, तर दोघांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. "तुम्ही मध्ये पडू नका डॉक्टर, चष्मा फुटेल." कुणीतरी त्याच्या उजव्या हातावर फरसबंदीचा दगड उचलून टाकला. दुसऱ्याने तोच दगड परत उचलला.

त्याच वेळी गोळीचा आवाज झाला.

२

गोळी हवेत झाडली होती. झाडणारी फौजदारबाई माझी सख्खी भाची, बहिणीची मुलगी. लहानपणी झुरळाला घाबरायची. तिने दोन शिपायांच्या मदतीने पंपवाल्याला गर्दीतून ओढून काढलं आणि माझ्या दवाखान्यात आणून टाकलं. मी त्याचं रक्त थांबवलं, आणि मग तिच्याबरोबर मागच्या बोळातून कचेरीत गेलो.

मास्तर टेबलाजवळच्या खुर्चीत पुढे कलंडले होते. एका पायात चप्पल, दुसरी पायाशी आडवी. घाव मागून आणि वरून, कानामागे. एक पुरला असता. चार घातले होते. रक्त छताला उडालं होतं. भिंतीवर गावाचा नकाशा होता, त्यात केलेली कामं हिरव्या रंगात दाखवली होती. आता त्यात हिरवं फारसं उरलं नव्हतं. आतल्या मोरीत बादली रिकामी, फरशी गुलाबी, साबण बुळबुळीत. कुदळीचा दांडा धुऊन पुसलेला.

"मामा, खुनी इथं अंग धुऊन गेलाय," भाची म्हणाली.

परत आलो तर दवाखान्यासमोर माणसांची भिंत उभी. काठ्या, गज, रॉकेलचा डबा. एक शिपाई दारात आडवा उभा होता. "खुनी आमच्या हवाली करा," बेकरीवाला ओरडला, "नाहीतर दवाखान्यासकट जाळतो. अंधार पडायच्या आत!"

आत पंपवाला बेशुद्ध. एक डोळा मिटलेला, बरगड्या मोडलेल्या. उजव्या पंजाचा लगदा झाला होता. तो पंजा वाचणार नाही हे मला दिसत होतं. डावा हात मी स्वच्छ करायला घेतला आणि थबकलो.

"हे बघ," मी भाचीला म्हटलं, "पंपाचं ग्रीस. नखांत, रेषांत, कोपरापर्यंत. आजचं आहे."

तिने वाकून पाहिलं. "ज्याने साबणाने अंग धुतलं, त्याच्या हातावर इतकं ग्रीस राहील?"

"आणि कपडेही कोरडे होते. रक्ताने भिजले ते नंतर."

"म्हणजे हा नव्हे. पण हे बाहेर कुणाला सांगू, मामा? त्यांना पुरावा नकोय, माणूस हवाय. चोर सोडून संन्याशाला फाशी."

पंपवाल्याची बायको पलंगाच्या लोखंडी गजाला धरून उभी होती. अजून रडली नव्हती. ती म्हणाली, "यांनी परवा मास्तरांशी भांडण केलं, ते खरं. आमची मुलगी उन्हाळ्यात इथंच गेली, डॉक्टर, तुमच्यासमोर. जुलाबानं. हे कचेरीत जाऊन ओरडले, की तुमच्या पुस्तकातल्या पाण्यानं माझी पोर वाचवली नाही. मग काल मास्तर एकटेच आमच्या घरी आले. आमच्या हंड्यातलं पाणी मागून प्यायले. मग बसले नि लहान मुलासारखे रडले. जाताना यांना म्हणाले, उद्या सभेच्या आधी मला न्यायला ये, मी तुला शेजारी उभा करून बोलणार आहे."

"काय बोलणार होते?" भाचीने विचारलं.

"ते सांगितलं नाही. पण मास्तरांना ज्यानं मारलं त्याला ते बोलणं नको होतं, एवढं मला कळतं." तिने नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. "बाई, यांना बाहेर देऊ नका हो. माझं दुसरं कोणी राहिलं नाही."

खिडकीची काच फुटली आणि दगड औषधांच्या कपाटावर आदळला.

३

भाचीने पक्षाच्या तीन माणसांना आत बोलावलं. मास्तरांना कचेरीत एकटं गाठू शकणारे, आणि सभेला उशिरा पोचलेले हेच तिघं. इंजेक्शनच्या खोलीत तिने टेबल मांडलं. मी कोपऱ्यात टाक्यांच्या सुया उकळायला ठेवल्या.

आधी नगराध्यक्षाबाई आल्या. गाव त्यांना ताई म्हणतं, वयाने मोठी माणसंसुद्धा. सकाळचे कपडे बदलून त्या सभेला आल्या होत्या.

"कपडे का बदलले, ताई?"

"सभेला मळक्या कपड्यात जाऊ? मी घरी होते."

"घराला कुलूप होतं. माझा शिपाई तुम्हाला आणायला गेला होता."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुया ढवळल्या. "विरोधकांच्या पुढाऱ्याकडे होते," त्या शेवटी दात आवळून म्हणाल्या. "जागा कमी पडल्या तर काय करायचं, हे आधी बोलून ठेवावं लागतं. त्याच्या बायकोने माझ्या अंगावर चहा सांडला. मुद्दाम सांडला. खात्री करून घ्या, पण बाहेर बोलू नका. मला जिवंत सोडणार नाहीत."

"दुसऱ्याच्या जिवाचीही एवढीच काळजी करा," भाची म्हणाली. "बाहेर जाऊन लोकांना घरी पाठवा."

"ते आता माझं ऐकणार नाहीत," ताई म्हणाल्या. हे मात्र खरं असावं.

मग भोंगा. डोळे सुजलेले, हाताची मूठ पंपवाल्याला मारताना सोललेली. सदरा अजून ओलसर होता.

"माझ्या काकांचा खुनी आत झोपलाय आणि तुम्ही मला प्रश्न विचारताय?"

"विचारून झालं की जा. सभेआधी कुठं होतास?"

"माझ्या वॉर्डात. कालव्यापलीकडे. घरोघर फिरलो."

"कोण भेटलं?"

"कोण भेटणार? माणसं कामावर. दारं वाजवली, पत्रकं टाकली."

"भिजलास कुठे?"

"उन्हानं जीव चालला होता. तिथल्या शाळेजवळचा आमचा सार्वजनिक नळ आहे ना, पुस्तिकेत पान चारवरचा, त्याच्याखाली डोकं धरलं. पोटभर पाणी प्यालो, हातपाय धुतले नि धावत सभेला आलो." आणि मग बोलता बोलता, सवयीने, त्याचा आवाज चढला. "'वस्तीतील प्रत्येक घराला हाकेच्या अंतरावर शुद्ध पाणी, बारा महिने!' हे आम्ही केलंय, बाई. तोंडाची वाफ नाही. आणि त्या पंपवाल्याला त्याचंच पोटात दुखत होतं."

भाचीने मान हलवली. "काकांवर तुझा फार जीव होता."

त्याने ओल्या बाहीने डोळे पुसले. "होता," तो म्हणाला आणि उठून गेला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. मला गोंधळात टाकलं ते त्यानेच.

शेवटी ठेकेदार. पालिकेची निम्मी बांधकामं याची. गाल सुजलेला, कॉलरवर रक्ताचे दोन थेंब, आणि घामाने असा डबडबलेला की त्याला धुवायला बादली कशाला हवी होती.

"रक्त माझंच आहे," तो आत येता येताच म्हणाला. "मास्तरांनी मला कानफटवलं. मी दुपारी कचेरीत गेलो होतो. लपवत नाही. पण मी निघालो तेव्हा ते धडधाकट होते, आणि वर माझ्या सात पिढ्या उद्धरत होते."

"का मारलं?"

"त्यांनी विचारलं, शाळेजवळच्या त्या नळाला पाइप जोडलाय का. मी म्हटलं, मास्तर, नळ बसवणं 'केलेल्या कामां'त आहे. पाइप जोडणं 'करायच्या कामां'त आहे. पान अकरा. तुम्हीच लिहिलंय की. दोन वेगळी कामं आहेत."

मी सुयांचा चिमटा खाली ठेवला.

"आणि मग?"

"मग वाजवली एक. म्हणाले, ती वस्ती अजून कालव्याचं पाणी पिते, पोरं मरतात, मी काल स्वतः पिऊन आलो. आज चौकात सांगतो सगळं." ठेकेदाराने गाल चोळला. "बाई, मी चोर असेन. पण कुदळ उचलणारा माणूस मी नव्हे. माझ्याकडे कामाला माणसं आहेत."

तो गेल्यावर भाची म्हणाली, "मामा, ठेकेदाराला भिजल्याचं खोटं कारण द्यायचं असतं, तर त्याने तो नळ सांगितला असता?"

"मेला तरी नाही. तो कोरडा आहे हे त्यालाच तर ठाऊक."

"बरोबर. त्या नळाखाली आपण अंघोळ केली, असं कोण सांगेल? ज्याने तो फक्त पाठ केलाय, तोच."

बाहेर रॉकेलचा वास सुटला होता. भाचीने टोपी डोक्यावर चढवली आणि दार सताड उघडलं.

४

"खुनी पाहिजे ना?" ती पायरीवरून ओरडली. "दाखवते. पण इथं नाही, कालव्यापलीकडे. चला माझ्यामागे. तुमचा भोंगा पुढे राहील."

पोरीची हुशारी मला तेव्हा कळली. काठ्या-गज घेऊन ती अख्खी गर्दी दवाखान्यापासून दूर निघाली. एका शिपायाला तिने दारात ठेवलं, ताईंना आणि ठेकेदाराला बरोबर घेतलं. मीही निघालो, निदान एक तरी डोकं शिवायला लागणार, हे उघड होतं.

कालव्यावरचा पूल अरुंद. पलीकडे पत्र्याची घरं, बायका कालव्याच्या काठावर हंडे बुडवत होत्या. इतके लोक पाहून त्या हंडे टाकून पळाल्या. शाळेच्या भिंतीला लागून सिमेंटचा चौथरा, त्यावर पक्षाच्या रंगाचा खांब, खांबाला पितळी तोटी. चौथऱ्यावर जाडसर धूळ साचलेली, तिच्यात कोंबड्यांची पावलं. भोंगा तिकडे भिरभिरत्या नजरेने बघायला लागला. त्याला ती जागा शोधावी लागली, हे माझ्या लक्षात आलं. तो प्रचाराला यायचा तो पुलाच्या अलीकडे गाडी लावून, तिथूनच बोलायचा.

"तू दुपारी इथं डोकं धुतलंस," भाची मोठ्याने म्हणाली. "आत्ता मला तहान लागलीय. सोड पाणी."

भोंगा चौथऱ्यावर चढला. धुळीत त्याचे ठसे उमटले, आणि ते पहिलेच होते. त्याने तोटी फिरवली. ती करकरली. आतून एक कोळी निघाला आणि त्याच्या मनगटावरून चालत गेला. त्याने तोटी पूर्ण फिरवली, परत उलटी फिरवली, मग दोन्ही हातांनी.

"पंप बंद आहे," तो म्हणाला. "त्यानं मुद्दाम बंद ठेवलाय. दुपारी येत होतं."

भाचीने ठेकेदाराकडे पाहिलं. "उपटा."

"बाई, लोकांसमोर..."

"उपटा म्हटलं."

ठेकेदाराने खांबाला मिठी मारून हिसका दिला. मातीतून मुळा उपटावा तसा खांब तोटीसकट वर आला. खाली वीतभर पाइप, त्याचं तोंड मातीने बुजलेलं. तो कशालाही जोडलेला नव्हता.

भोंग्याने तो पाइप हातात घेतला, आतली माती बोटाने उकरली आणि डोळा लावून आरपार पाहिलं.

"म्हणजे काका खरं बोलत होते?" तो म्हणाला.

भाची त्याच्याजवळ गेली. ती हळूच म्हणाली, "काय बोलत होते काका?"

"म्हणाले, पुस्तिकेतलं खोटं आहे, मी आज सांगणार. मला वाटलं, विकले गेले. निवडणुकीच्या तोंडावर विरोधकांनी यांना फितवलं." तो आता कुणाशी बोलत होता कोण जाणे, त्याचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "लहानपणापासून त्यांनीच शिकवलं, पक्षानं केलं ते केलं. मी कधी एक शब्द चुकलो नाही. मी म्हटलं, काका, तुम्ही आमचं काम खोटं ठरवताय. तर म्हणाले, चल, आत्ता चल माझ्याबरोबर, तुला दाखवतो. आणि चप्पल घालायला खाली वाकले."

त्याने पाइप छातीशी धरला. "मी एकदा बरोबर आलो असतो तर..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. बेकरीवाल्याची काठी त्याच्या तोंडावर बसली.

मग तेच सुरू झालं. तीच माणसं, त्याच काठ्या, तेवढाच जोर. दुपारी माणूस चुकला, याची यांना खंत होती का? छे! उलट आता तर यांच्या बाजूला न्याय होता. भाचीने हवेत गोळी झाडली, कुणी वळून पाहिलं नाही. एकाने उपटलेला खांब दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. भाचीने नेम धरला आणि त्याच्या मांडीत गोळी घातली. तो किंचाळत पडला, तेव्हा कुठे बाकीचे मागे सरले.

भोंगा जिवंत होता. जबडा तीन ठिकाणी तुटला होता आणि जिभेचा शेंडा धुळीत पडला होता.

५

रात्रभर मी कापत आणि शिवत होतो. पंपवाल्याचा उजवा पंजा मनगटापासून काढावा लागला. सकाळी त्याने एक डोळा उघडला, बायकोला ओळखलं, आणि मग ती रडली. तो जगणार होता. शेजारच्या पलंगावर तारांनी जबडा बांधलेला भोंगा, बेडी घातलेला, छताकडे बघत पडला होता. त्याला फाशी नाहीतर जन्मठेप. बोलायला मात्र नीट कधीच येणार नाही.

उन्हं वर आली तशी मंडळी आली. पुढे ताई, मागे बेकरीवाला, औषधविक्या, शाळेचा मुख्याध्यापक, चौकातले दहाबारा जण. हातात फळांच्या पिशव्या. चेहरे असे, की जणू रोग्याला बघायला नात्यातलेच आलेत.

"झालं ते वाईट झालं," ताई पंपवाल्याच्या बायकोला म्हणाल्या. "गैरसमज झाला. लोक भावनेच्या भरात होते. पण पक्ष तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. नव्या आराखड्यात तुमच्या वस्तीचं पाणी पहिल्या क्रमांकावर घेतलंय. आणि यांना पालिकेत बसून करायचं काम देऊ."

"काय चूक झाली असेल तर पदरात घ्या, वहिनी," बेकरीवाला म्हणाला. कालपर्यंत त्याने तिला नुसतं 'ए' म्हटलं असतं.

तिने फळांच्या पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीशी उभ्या असलेल्या माझ्या भाचीला ती म्हणाली, "बाई, मास्तरांना कोणी मारलं ते तुम्ही शोधलंत. यांचा हात कोणी तोडला, ते नाही शोधायचं?"

"शोधायचंय," भाची म्हणाली. "पण तुम्ही तिथं नव्हता. आणि काल चौकात होते ते सगळे म्हणतात, आम्ही मागे होतो, आम्हाला दिसलं नाही. कोर्टात साक्षीदार लागतो."

मुख्याध्यापक घाईघाईने म्हणाले, "गर्दीत कुणाचं काय सांगणार? उगाच गावात वैर वाढेल. डॉक्टर, तुम्हीच समजवा यांना."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पण बघितलं. बेकरीवाल्याची तीनही मुलं माझ्या हातात जन्मली होती. औषधविक्या रोज संध्याकाळी माझ्याशी बुद्धिबळ खेळायचा. मुख्याध्यापकाच्या आईला मी आठवड्यापूर्वीच मरणाच्या दारातून परत आणलं होतं. त्यांनी मला खाली बसवलं होतं, हे खरं. पण डोळे मिटायला कुणी सांगितलं नव्हतं. दगड कुणी टाकला, तो परत कुणी उचलला, मी सगळं पाहिलं होतं.

भाचीने टेबलावरचा कागद ओढला. ती मला नेहमी मामा म्हणते. आता म्हणाली नाही.

"डॉक्टर, तुम्ही काही पाहिलंत?"

दाराजवळच्या एकाने हळूच कडी काढली. भाचीने मान हलवताच बाहेरच्या शिपायाने दार पुन्हा लोटलं.

"पाहिलं," मी म्हटलं. "पहिला ठोसा बेकरीवाल्याचा. पुढे लिही."